रात्री जाग्या मावशी किती?

पत्र: आई ७९ वर्षांची आहे. बाबा गेल्यापासून माझ्याकडे डोंबिवलीत असते. मधुमेह जुना, दिवसातून दोनदा इन्सुलिन. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुरुवात असल्याचं सांगितलं. चालते-फिरते, स्वतःच्या हाताने जेवते, पण गॅस चालू ठेवून विसरते, आणि गेल्या महिन्यात भरदुपारी दार उघडून एकटीच स्टेशनपर्यंत गेली. मी आणि नवरा दोघंही नोकरीला. तिला सांभाळायला ब्युरोकडून येणाऱ्या बायका पंधरा-पंधरा दिवसांत बदलतात. भाऊ कॅनडात. शेवटी वृद्धाश्रमासाठी दोन ठिकाणं पाहिली. एक कर्जतकडे, नवीन, अगदी हॉटेलसारखं, दारात ‘आयएसओ ९००१’चा बोर्ड, महिना ३८,००० आणि तीन लाख अनामत. दुसरं आमच्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर, एका ट्रस्टचं, जुनं, साधं, महिना १९,०००. भावाने व्हिडिओ कॉलवर पाहून पहिलं पसंत केलं. तिथल्या करारात ‘रहिवासी पडल्यास वा इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ असं कलम आहे. याला सरकारचे काही नियम असतात की नाही? आणि ती तिथे सुखरूप आहे हे आम्हाला कळणार कसं? आईला अजून सांगितलेलं नाही, ‘थोडे दिवस हवापालट’ म्हणून न्यायचं ठरलंय. आत्याने तर माझ्याशी बोलणंच टाकलंय.
एक लेक, डोंबिवली

उत्तर: आत्यांचा राग आधी बाजूला ठेवा. आई एकटी स्टेशनपर्यंत जाते आणि घरात दिवसभर कोणी नाही, अशा वेळी तिला कुलूप लावून कोंडून ठेवण्यापेक्षा माणसांत ठेवावं असं तुम्हाला वाटलं, ते काळजीपोटीच. बाकीचं पत्र मात्र मी दोनदा वाचलं, कारण तुम्ही विचारलेला प्रश्न बहुतेक मुलं अनामत भरून झाल्यावर विचारतात. तुम्ही वेळेवर विचारलात.

नियमांचं आधी सांगते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण यासाठी केंद्राचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे राज्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारायचा, आणि अशा आश्रमांचा दर्जा काय असावा, औषधोपचाराची सोय काय असावी, हे राज्याने ठरवायचं. पण पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी संस्थांच्या सक्तीच्या नोंदणीबद्दल तो कायदा गप्प आहे. ही नोंदणी आणावी, सर्वांना लागू होतील अशी किमान मानकं ठरवावीत, म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं. ते मंजूर झालंच नाही, लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही संपलं. मला याची चीड येते. एखादा बंगला भाड्याने घ्यायचा, वीस खाटा टाकायच्या, दोन बायका ठेवायच्या आणि दारावर पाटी लावायची, एवढ्यावर वृद्धाश्रम सुरू झालेले आपल्या आजूबाजूला दिसतात. तेव्हा कोणी साहेब येऊन तपासणी करून गेला असेल, या भरवशावर राहू नका. ती तपासणी तुम्हालाच करायची आहे.

आयएसओ ९००१ च्या बोर्डाने भाऊ भारावला असेल, तर त्याला सांगा की ते व्यवस्थापनाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. कामं ठरवून दिलेल्या पद्धतीने होतात का, नोंदी राहतात का, एवढं त्यातून कळतं. ते नट-बोल्टच्या कारखान्यालाही मिळतं. तुमच्या आईला रात्री दोन वाजता बाथरूमला कोण नेणार, हे त्यात नसतं.

आणि माझ्या मते सगळं पाणी तिथेच मुरतं. वृद्धाश्रमाचा खरा दर्जा रात्री नऊ ते सकाळी सहा या वेळात ठरतो. आपण पाहायला जातो ते अकरा-बारा वाजता. तेव्हा मॅनेजर असतात, नर्स असते, फरशी पुसलेली असते, आजी-आजोबा न्हाऊन-माखून बसलेले असतात. रात्री हे सगळे घरी जातात आणि पंचवीस माणसांच्या मागे कधी एकच मावशी उरते, तीही दिवसाची पाळी करून थकलेली. म्हातारी माणसं पडतात ती जास्त करून अशा वेळी, झोपेतून उठून घाईने लघवीला जाताना. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: रात्री जाग्या मावशी किती असतात आणि त्यांच्याकडे किती माणसं? ‘जाग्या’ यावर जोर द्या. ‘आमची मावशी हॉलमध्येच झोपते, हाक मारली की उठते’ असं उत्तर आलं, तर डिमेन्शियाच्या माणसाला ते चालणार नाही, कारण असं माणूस हाक मारत नाही, उठून चालू लागतं. चालत्या-फिरत्या दहा-बारा जणांमागे एक जागी मावशी, हे माझं मोजमाप आहे, सरकारी नाही. अंथरुणाला खिळलेली माणसं जास्त असतील तर तेवढ्यानेही भागत नाही. पुढचा प्रश्न, रात्रीची मावशी दिवसाही कामावर असते का? तिला आठवड्याची सुट्टी आहे का, किती वर्षं टिकून आहे? हे प्रश्न मॅनेजरला आवडणार नाहीत. तरी विचारा. ज्या बाईला स्वतःला झोप आणि वेळेवर पगार मिळत नाही, तिच्याकडून पहाटे चार वाजता मायेची अपेक्षा करणं तिच्यावरही अन्याय आहे.

आता तुमच्या आईचं इन्सुलिन. मला तिच्या बाबतीत सर्वात जास्त धास्ती याची वाटते, आणि तुमच्या पत्रात त्यावर एकच ओळ आहे. इन्सुलिन टोचलं आणि जेवण तासभर लांबलं, किंवा तिने दोन घास खाऊन ताट सरकवलं, तर साखर झपाट्याने उतरते. तुम्हा-आम्हाला घाम फुटतो, हात थरथरतात, आपण सांगतो. डिमेन्शियाच्या माणसाला सांगता येत नाही. ती चिडते, असंबद्ध बोलते, गुंगीत जाते, आणि आजूबाजूचे म्हणतात, ‘आज आजींचा आजार वाढलाय.’ कोणी तिला निजवून टाकलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून दोन्ही ठिकाणी विचारा: सुई कोण देतं, शिकलेली नर्स की मावशी? सुट्टीच्या दिवशी कोण? इन्सुलिन देण्याआधी ताट तयार आहे हे कोण पाहतं, आणि तिने किती खाल्लं हे कुठे लिहिलं जातं का? ग्लुकोमीटर रात्रीच्या मावशीच्या हाताशी असतं की ऑफिसच्या कपाटात बंद? साखर ७० च्या खाली आली तर काय करायचं, हे त्या मावशीला विचारून पाहा. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटलला न्यायचं. इतकं तिला येत असेल, तर त्या संस्थेने माणसं शिकवली आहेत असं समजा. जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांशीही बोला. तिच्या वयाला आणि विसरभोळेपणाला साखर अगदी काटेकोर ठेवण्याचा हट्ट नको असं कित्येक डॉक्टर सांगतात, आणि डोस सोपा करून देता येतो का ते ते पाहतील.

बाथरूममध्ये स्वतः जाऊन उभ्या राहा. भावाने व्हिडिओवर पाहिलेल्या चकचकीत टाइल्स तुमच्या आईच्या उपयोगाच्या नाहीत. ओल्या झाल्या की त्या घसरड्या होतात, आणि कोरड्या असतानाही डिमेन्शिया झालेल्या डोळ्यांना ती चमक पाण्यासारखी दिसते, मग पाऊल अडखळतं. पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी आणि त्यावर पांढरं कमोड असेल तर तिला ते नीट दिसतच नाही आणि बसण्याचा अंदाज चुकतो. कमोडवर नुसती गडद रंगाची सीट बसवली तरी फरक पडतो. कमोडच्या आणि नळाच्या बाजूला भिंतीत पक्क्या बसवलेल्या दांड्या हव्यात. धरून जोरात ओढून पाहा, काही ठिकाणी त्या टॉवेल वाळत घालायच्या असतात. दाराला आतून कडी असेल तर ती बाहेरूनही उघडता यायला हवी. दाराशी उंबरठा नको. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा हवा. गिझरचं पाणी आधी बादलीत काढून, हाताने पाहून मग अंगावर घेतलं जातं का, हेही विचारा. म्हातारी कातडी पटकन भाजते.

अंथरुणाला खिळलेल्यांची खोली दाखवायला सांगा, जरी तुमच्या आईला तिची आज गरज नसली तरी. तिथे आत शिरताच येणारा वास, माणसांची नखं, आणि पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवलाय का, एवढं पाहा. पेला कोपऱ्यातल्या टेबलावर असेल तर तो माणसासाठी नाही, पाहुण्यांसाठी आहे. डायपर कमी बदलावे लागावेत म्हणून संध्याकाळनंतर पाणी तोडण्याची वाईट खोड काही ठिकाणी असते. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, भ्रम होतो, आणि पुन्हा सगळं वयाच्या नावावर खपतं. अशांना दर दोन तासांनी कूस बदलून देतात का, त्याची नोंद असते का, हेही पाहून घ्या. आणि दुपारी चार-साडेचारला एकदा जा. चहाच्या वेळीही निम्मी माणसं खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेली असतील आणि कोणी कौतुकाने सांगितलं, ‘आमच्याकडे सगळे एकदम शांत असतात,’ तर सावध व्हा. झोपेच्या गोळ्यांनी आलेली शांतता अशी दिसते. तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि तुम्हाला फोन केल्याशिवाय आईला झोपेचं किंवा शांत ठेवण्याचं कोणतंही औषध देणार नाही, हात-पाय बांधणार नाही, हे लेखी मागा.

आगीबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून तुम्ही विचारा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र त्यानुसार दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. त्याची ताजी प्रत मागा. मग डोळ्यांनी पाहा: न चालणारी माणसं वरच्या मजल्यावर तर नाहीत? जिना एकच आहे का? रात्री कोलॅप्सिबल गेटला कुलूप लावतात, त्याची किल्ली कोणाकडे असते? आई बाहेर जाऊ नये म्हणून दार बंद असणं आपल्याला हवंच आहे, पण किल्ली मावशीच्या कमरेला हवी, वॉचमनच्या खोलीतल्या खिळ्याला नको. कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल आणि त्याच खोलीत देव्हाऱ्यात समई तेवत असेल, तर तिथून उठून या.

कराराकडे येऊ. ‘पडल्यास संस्था जबाबदार नाही’ हे कलम जवळजवळ सगळीकडे असतं. त्याला घाबरू नका, पण तसंच सहीही करू नका. म्हातारं माणूस उत्तम काळजी घेऊनही पडू शकतं, हे संस्थेचं म्हणणं खरं आहे. पण ओल्या फरशीवर पडणं, रात्री जागं कोणी नसल्यामुळे पडणं आणि पडल्यावर चार तास कोणाला न कळणं हे वेगळं. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी राहिली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, आणि ग्राहकावर एकतर्फी लादलेला करारही त्या कायद्यात ‘अनुचित’ ठरू शकतो. नुसतं एक कलम लिहून ठेवलं म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. (पूर्ण विनामूल्य सेवा या कायद्यात बसत नाही. तुम्ही दोन्हीकडे पैसे देणार आहात, म्हणून हे लागू.) त्या कलमाखाली हातानेच एवढी भर घालून घ्या: पडल्यास अर्ध्या तासात कुटुंबाला फोन, कसं पडल्या याची लेखी नोंद, आणि अमुक हॉस्पिटलमध्ये तात्काळ नेणं. रुग्णवाहिकेला पैसे कोण भरणार, तुम्ही पोचेपर्यंत सोबत कोण थांबणार, हेही त्यातच. आणि तीन लाख अनामतीतले परत किती, किती दिवसांत, आई पंधरा दिवसांत परत आली तर किती, तिचं बरंवाईट झालं तर कोणाला, हे आकड्यांत लिहून मागा. तोंडी ‘ताई, आपण काय पळून जाणार आहोत का’ हे उत्तर नाही. ट्रस्टच्या बाबतीत धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक घ्या आणि लेखापरीक्षणाचा अलीकडचा अहवाल मागा. चांगली ट्रस्ट तो आनंदाने दाखवते.

ती सुखरूप आहे हे कळणार कसं? जाऊन. दुसरा उपाय मला माहीत नाही. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, न कळवता, वेगवेगळ्या वेळी: कधी सकाळी नाश्त्याला, कधी संध्याकाळी साडेसातला ताटं वाढताना. भेटीची वेळ रविवारी चार ते पाच आणि आधी फोन करून या, असं सांगणाऱ्या संस्थेत आईला ठेवू नका. गेलात की तिच्या पाठीवरून हात फिरवण्याच्या निमित्ताने अंग पाहा, माकडहाडाशी आणि टाचांना लाली आहे का, मनगटांवर वळ आहेत का. चष्मा तिचाच आहे ना, कवळी तोंडात आहे ना. दर महिन्याला वजन करून लिहायला सांगा. दोन महिन्यांत दोन-तीन किलो उतरलं तर डॉक्टरांकडे न्या, ‘हवा मानवली नाही’ यावर थांबू नका. भावाला कॅमेऱ्याचं थेट चित्रण हवं असेल. व्हरांड्यात आणि जेवणघरात कॅमेरा असावा, पण आईच्या खोलीत तिच्या इच्छेविरुद्ध नको. ती साडी बदलते तिथे. भावाने त्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी तिला फोन करावा आणि महिन्याचा हिशेब, औषधांची यादी, वजनाचा तक्ता स्वतः तपासावा. कॅनडात बसून हे काम नीट होतं, आणि तुमचं तेवढं ओझं उतरतं.

काही खटकलं तर बोला. तक्रार केली तर राग आईवर निघेल, या भीतीने मुलं गप्प बसतात. तारीख, वेळ, काय दिसलं, एवढंच मॅनेजरला व्हॉट्सअॅपवर लिहा, आरोप न करता. लेखी राहिलं की संस्था जपून वागते. प्रकरण गंभीर वाटलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, पैसे लागत नाहीत. पैशांबद्दल फसवणूक असेल तर १९१५ ही ग्राहकांची हेल्पलाइन.

आता ज्या गोष्टीसाठी मला तुम्हाला हात जोडून विनंती करायची आहे, ती. ‘हवापालट’ म्हणून नेऊ नका. तिच्या आजाराची सुरुवात आहे. ती सगळं विसरत नाही, आणि तिला कळतं. दोन दिवसांनी ‘मला घरी कधी नेणार’ हे ती प्रत्येक मावशीला विचारत बसेल आणि संधी मिळाली की दाराकडे निघेल. स्टेशनपर्यंत ती गेलेलीच आहे. फसवून आणलेलं माणूस पळायला पाहतं, आणि मग त्याला शांत करण्यासाठी गोळी दिली जाते. तेव्हा हा तिच्या सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. तिला सांगा. एका बैठकीत जमणार नाही, ती रडेल, रागावेल, परवा पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. तरी सांगा. दोन्ही ठिकाणी तिला जेवायला घेऊन जा. कुठे कोणी तिच्याशी खाली वाकून, तिच्या डोळ्यांत पाहून बोललं, कुठे ती स्वतःहून कोणाच्या शेजारी जाऊन बसली, हे पाहा. तिचा कौल तुमच्या आणि भावाच्या कौलाइतकाच धरा.

दोन्हींत मला विचाराल, तर माझा कल जुन्या ट्रस्टकडे आहे, साधेपणासाठी नव्हे, तर रिक्षाच्या वीस मिनिटांसाठी. कर्जतला तुम्ही पहिले दोन महिने न चुकता जाल, मग पंधरा दिवसांनी, मग सणावाराला. ऑफिसमधून येता-येता उतरून पाच मिनिटं डोकावता येणं हे कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठं संरक्षण आहे. मात्र रात्रीची मावशी, इन्सुलिन आणि गेटची किल्ली या तीन गोष्टींची उत्तरं तिथे पटली नाहीत, तर तिसरं ठिकाण शोधा, पण डोंबिवली-कल्याणच्या टप्प्यातलंच शोधा. ट्रस्टच्या लोकांना पंधरा दिवसांचा प्रायोगिक मुक्काम मागा, अनामत न भरता; बरेच जण देतात. दोन ठिकाणच्या फीमध्ये महिन्याला १९,००० चा फरक आहे. त्यातले थोडे खर्चून, ट्रस्ट परवानगी देत असेल तर, पहिले दोन महिने रात्रीसाठी आईच्या ओळखीची एखादी बाई तिथे सोबतीला ठेवा. तुमच्याकडे आलेल्या ब्युरोच्या बायकांपैकी जिच्याशी तिचं जमलं होतं, तिला आधी फोन करून पाहा.